परग्रहावरचा पाहुणा आणि बोधाचे वीस गुण

काही वर्षांपूर्वी परळमधील एका संस्थेने शालेय विद्यार्थ्यांसाठी कथालेखनाची स्पर्धा घेतली होती आणि परीक्षक म्हणून आम्हा तिघांना बोलावले होते. गट पाचवी ते सातवीचा, विषय ‘परग्रहावरील पाहुणा’. गणपतींचे नुकतेच विसर्जन झाले होते, लालबागच्या रस्त्यांवरील मांडवांचे बांबू अजून उतरायचे होते, आणि एका वर्गखोलीत लहान मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून बसून आम्ही दुपारभर परग्रहवासीयांच्या सहवासात होतो. गुणपत्रिका संस्थेने छापूनच दिली होती. रकाने पाच, प्रत्येकी वीस गुण : कल्पना, भाषा, वैज्ञानिक माहिती, बोध, हस्ताक्षर व शुद्धलेखन.

त्या गठ्ठ्यातील बहुतेक पाहुणे एकाच ग्रहावरून आले असावेत असे वाटण्याइतके ते एकमेकांसारखे होते. यान उतरते, दार उघडते, हिरव्या रंगाचा पाहुणा बाहेर येतो आणि प्रमाण मराठीत भाषण करतो. झाडे लावा, प्लॅस्टिक वापरू नका, युद्धे करू नका. गावकरी खजील होतात, शपथ घेतात, पाहुणा समाधानाने परत जातो. शाळेच्या स्नेहसंमेलनाला येणारा प्रमुख पाहुणा आणि हा पाहुणा यांत फरक एवढाच, की याच्यासाठी श्रीफळ आणि शाल आणावी लागत नाही.

एक कथा मात्र निराळी होती. लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या, सहावीतल्या मुलीची. तिच्या कथेत यान चाळीच्या गच्चीवर उतरते आणि पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाने आपला देखावा आमच्या गच्चीवर का मांडला, यावरून आधी भांडण जुंपते. पाहुण्याला तीन डोकी, हात एकच. पहाटे तो नळाच्या रांगेत उभा राहतो. चाळीचा नियम असा, की एका माणसाने एका वेळी एकच बादली भरायची. मग प्रश्न निघतो : तीन डोकी म्हणजे तीन माणसे की एक? चाळसमितीची सभा तिथेच नळावर भरते. कुणी म्हणते तोंडे मोजा, कारण पाणी तोंडाने पितात. कुणी म्हणते पोट मोजा, कारण पाणी शेवटी पोटात जाते. एक आजोबा म्हणतात हात मोजा, कारण बादली हाताने उचलायची असते. निर्णय होत नाही. तेवढ्यात नळाचे पाणी जाते आणि पाणी गेले म्हणून पाहुणाही जातो. कथा संपली.

आमच्यापैकी एकाने ती मोठ्याने वाचली. आम्ही इतके हसलो, की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. आणि मग आम्ही रकाने भरले. कल्पना सतरा. भाषा बारा, कारण संवाद बोलीत होते. वैज्ञानिक माहिती तीन. बोध शून्य. हस्ताक्षर व शुद्धलेखन अकरा. एकूण त्रेचाळीस. झाडे लावायला सांगणाऱ्या पाहुण्याला चौऱ्याऐंशी गुण मिळाले आणि त्याच्या लेखकाला करंडक. गुणपत्रिकेखाली आम्हा तिघांच्या सह्या आहेत. पुढील लेखन हे त्या सह्यांविरुद्ध आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : मराठी बालसाहित्याने परग्रहवासीयाला हसू दिले नाही आणि त्याला हसूही दिले नाही. त्याला शिक्षक केले. त्यामुळे आपण एका वाङ्मयप्रकाराला मुकलो, एवढेच घडले नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ज्या वयात जगाकडे तिरक्या नजरेने पाहण्याची पहिली चटक लागते, त्या वयात मराठी भाषा त्याच्यासाठी उपदेशाची भाषा होऊन बसली.

हे आपोआप घडले नाही. मराठीत विज्ञानकथा आली ती प्रबोधनाचे बोट धरून. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे ‘चंद्रलोकची सफर’ हे रूपांतर १९०० साली ‘केरळकोकिळ’मधून प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हापासून या कथेकडे ज्ञानाचे वाहन म्हणूनच पाहिले गेले. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या वार्षिक कथास्पर्धेने विज्ञानकथेला एक हक्काचे व्यासपीठ दिले. त्याच स्पर्धेसाठी १९७४ साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे टोपणनाव बनवले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. मराठी विज्ञानकथेच्या नव्या पर्वाचा आरंभ असा एका खोडीने झाला, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. पण खोडी पाकिटावरच राहिली. आत शिरली ती गंभीरता.

नारळीकरांविषयीचा आमचा आदर निर्विवाद आहे. २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाने त्यांना अध्यक्षपद देऊन विज्ञानकथेचाच सन्मान केला, आणि २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा आपण सर्वांनीच काहीतरी गमावले. विज्ञान लोकांपर्यंत नेणे हा आपल्या कथालेखनाचा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. विनोदी कथा लिहिण्याचे वचन त्यांनी कुणाला दिले नव्हते. तक्रार त्यांच्याविषयी नाही, त्यांच्यामागे चालणाऱ्या आम्हा सर्वांविषयी आहे. त्यांच्या पुस्तकांची आणि कथांची शीर्षके एकापुढे एक ठेवून पहा : ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’. पृथ्वीपलीकडच्या अपरिचितासाठी मराठीने शब्द शोधले ते पुराणांत आणि धर्मग्रंथांत. यक्ष, असुर, प्रेषित, अवतार. नारळीकरांच्या हाती ही योजना शोभली, कारण जुने मिथक आणि नवे विज्ञान यांची सांगड हा त्यांच्या लेखनाचा डौल होता. पण बालसाहित्यातील अनुकरणांत उरली ती केवळ भीती किंवा भक्ती. परग्रहवासी आला की एकतर त्याच्यापासून पळावे किंवा त्याला हात जोडावेत. त्याच्याशी गप्पा मारण्याची, त्याची थट्टा करण्याची आणि त्याच्याकडून आपली थट्टा करून घेण्याची सोयच राहिली नाही.

येथे कुणी म्हणेल, मराठी मनाला अद्भुत आणि विनोद यांचे मिश्रण मानवत नाही. हे साफ खोटे आहे आणि त्याचा पुरावा परळपासून फार दूर नाही. गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाच्या छत्राखाली सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ सुरू केले. पहिले नाटक रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’. पुढे मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘राक्षसराज झिंदाबाद’, ‘अलबत्या गलबत्या’ ही नाटके आली. या नाटकांनी केले काय? शतकानुशतके लेकरांना झोपवण्यासाठी ज्याचा धाक दाखवला जाई, त्या राक्षसाला त्यांनी रंगमंचावर उजेडात आणले आणि मुलांना त्याच्यावर हसायला शिकवले. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली, २०१८ साली नाटक पुन्हा आले तेव्हा वैभव मांगले यांनी. लुगडे नेसलेला पुरुष नट चेटकीण म्हणून नाचू लागतो तेव्हा भीती हा केवढा मोठा बनाव आहे, हे सहा वर्षांच्या प्रेक्षकालाही कळते. ते त्याला कुणी समजावून सांगत नाही.

राक्षसाचे जे झाले तेच भुतांचे. विंदा करंदीकरांनी १९८१ साली ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ लिहून भुतांना मुलांच्या खेळात ओढले. त्याच्याही आधी, १९६३ साली, त्यांनी ‘एटू लोकांचा देश’ लिहिला होता. विज्ञानाचे नावही न घेता एका कल्पित लोकांच्या तऱ्हेवाईक देशात मुलांना फिरवून आणणारे हे पुस्तक आमच्या मते मराठीतल्या परग्रहकथेचा हरवलेला आरंभबिंदू आहे. यान नाही, दुर्बीण नाही, किरणशस्त्रे नाहीत. आहे ती फक्त ‘असेही लोक असू शकतात’ ही मजा. परग्रहकथेला याहून अधिक भांडवल लागते असे आम्हांला वाटत नाही.

आणि भा. रा. भागवत. फास्टर फेणेच्या या जनकाने व्हर्नच्या धूमकेतूवरील कादंबरीचे मराठी नाव ठेवले ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. पोस्टकार्डावर गावाच्या नावाआधी लिहायचा ‘मुक्काम’ त्यांनी धूमकेतूला चिकटवला आणि विश्वाच्या अफाट पोकळीला तालुक्याची कळा आणली. ‘उडती छबकडी’ हे त्यांचे दुसरे शीर्षक. उडत्या तबकड्यांच्या वार्तांनी जग घाबरलेले असताना भागवतांनी एक अक्षर बदलले आणि तबकडीची छबकडी झाली. ज्या वस्तूने धडकी भरावी तिला गोंडस पोरीचे नाव. विनोदी परग्रहकथेचे अख्खे तंत्र त्या एका अक्षरात आहे : दूरचे इतके जवळ आणायचे, की त्याचे भय उरू नये, आणि जवळचे इतके दूर न्यायचे, की त्याचे नवल वाटावे. भागवतांनी दार उघडून ठेवले होते. आपण त्यातून फास्टर फेणेच्या सायकलमागे धावलो, ते योग्यच केले. पण छबकडीकडे मान वर करून पाहिले नाही.

तेव्हा भुताला आपण हसलो, राक्षसाला हसलो, चेटकिणीला हसलो. परग्रहवासीयाला मात्र नमस्कार. असे का? आमचे उत्तर असे, की भूत आणि राक्षस हे अभ्यासक्रमाबाहेरचे होते. त्यांच्याकडून कुणालाही काही शिकायचे नव्हते, म्हणून लेखक मोकळा होता. परग्रहवासी विज्ञानाच्या दाराने आला आणि विज्ञान हा गुणांचा विषय आहे. गुणांच्या विषयात हसले की वर्गाबाहेर उभे राहावे लागते, हे आपल्या लेखकांनी स्वतःच्या बालपणीच शिकून घेतलेले असते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे एक गोष्ट ध्यानात आणून द्यावीशी वाटते. विज्ञानकथेची जी मीमांसा आपण वर्गात शिकवतो, तिच्यात डार्को सूविनचे १९७९ चे विवेचन हमखास येते. विज्ञानकथा म्हणजे बोधात्मक अपरिचितीकरण, असे त्याचे सूत्र आपण फळ्यावर लिहितो. अपरिचितीकरणाचे मूळ १९१७ च्या श्क्लोव्हस्कीच्या निबंधात आहे आणि तिथे त्याने उदाहरण दिले आहे टॉलस्टॉयच्या एका घोड्याचे, ज्याला माणसे ‘माझे, माझे’ का म्हणतात हे काही केल्या कळत नाही. घोड्याच्या जागी तीन डोक्यांचा पाहुणा ठेवा आणि मालमत्तेच्या जागी नळाचे पाणी. लालबागच्या मुलीने काय केले ते दिसेल. आता गंमत पहा. सूविनच्या सूत्रातला ‘बोध’ म्हणजे आकलन, जाणण्याची क्रिया. आपल्या गुणपत्रिकेतला ‘बोध’ म्हणजे तात्पर्य. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये मराठी परग्रहकथेचा बळी गेला आहे. व्यक्ती कशाने मोजायची, डोक्याने, पोटाने की हाताने, हा प्रश्न त्या मुलीने नळावर उभा केला होता. व्याख्या कशी करावी आणि मोजमापाचे एकक कोणते धरावे, हा विज्ञानातला पहिला प्रश्न आहे. वाटप न्याय्य केव्हा होते, हा राज्यशास्त्रातला. आम्ही तिथे शून्य लिहिले, कारण शेवटी ‘म्हणून मुलांनो’ नव्हते.

हसणे हे औषधावरचे साखरेचे पूट आहे, ही समजूतच मुळात चुकीची आहे. परग्रहकथेच्या उगमापाशी जाऊन पाहिले तर तिथे हसूच सापडते. व्हॉल्तेअरने १७५२ साली ‘मिक्रोमेगास’ प्रसिद्ध केली, तिचा नायक व्याधाच्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावरून आलेला प्रचंड देहाचा प्रवासी आहे आणि त्याचा सोबती शनीवरचा. पृथ्वीवरचे सूक्ष्म मानव त्यांना दिसतात, बोलू लागतात, आणि त्यांतला एक विद्वान सांगतो, की हे सारे विश्व, तारे धरून, माणसासाठीच निर्माण झाले आहे. त्यावर दोघे पाहुणे हसत सुटतात. कोपर्निकसने जे गणिताने सांगितले ते व्हॉल्तेअरने त्या हास्याने सांगितले. विश्वाच्या मध्यभागी आपण नाही, हे कळल्यावर माणसाने दोनच गोष्टी कराव्यात : रडावे किंवा हसावे. मुलांना आपण कोणती शिकवणार?

वैज्ञानिक माहितीच्या रकान्याचेही तसेच. एक साधे उदाहरण घेऊ. परग्रहावरची दोन मुले लालबागहून दादरला जाण्यासाठी बेस्टच्या बसमध्ये चढतात. कंडक्टर वय विचारतो. दोघांचेही आयुष्य आपल्या मापाने अकरा वर्षांचे. पण बुध सूर्याभोवती ८८ दिवसांत फिरतो, म्हणून बुधावरच्या पोराने पंचेचाळिशी ओलांडली आहे. गुरूला एका फेरीसाठी जवळजवळ बारा वर्षे लागतात, म्हणून गुरूवरच्या पोराचा पहिला वाढदिवसही झालेला नाही. एक मागतो पूर्ण तिकीट, दुसरा म्हणतो मांडीवरच्या मुलाला तिकीट कसले? कंडक्टर टिचकी वाजवत उभा, मागून प्रवाशांचा आरडाओरडा. आणि बोलता बोलता कुणी सांगतो, की नेपच्यूनचा शोध १८४६ साली लागला, तेव्हापासून त्याचे पहिले वर्ष २०११ मध्ये पुरे झाले. वर्ष म्हणजे काय हे या एका प्रवासात जितके कळेल तितके तक्त्यावरून कळणार नाही, कारण तक्त्याला कुणी तिकीट मागत नाही. येथे विनोद माहितीला गोड करत नाही. विनोद हीच ती माहिती आहे. दोन मापे एकमेकांवर आदळली की ठिणगी पडते, तिलाच आपण कधी हसू म्हणतो आणि कधी आकलन.

शेजारच्या घरी डोकावले तर आपल्या दारिद्र्याची अधिक लाज वाटते. १९६२ साली सत्यजित रायांनी ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात ‘बंकुबाबूंचा मित्र’ ही कथा लिहिली. एका खेड्यातला गरीब शाळामास्तर, गावातल्या बैठकीत रोज सर्वांच्या थट्टेचा विषय. त्याला बांबूच्या बनात परग्रहावरचा पाहुणा भेटतो. तो ना जग वाचवतो ना भाषण देतो. त्या भेटीनंतर मास्तर बैठकीत जातो आणि आयुष्यात पहिल्यांदा एकेकाला सुनावून कायमचा बाहेर पडतो, एवढेच. आजोबा उपेंद्रकिशोरांनी १९१३ साली काढलेले ते मासिक रायांनी १९६१ मध्ये पुन्हा सुरू केले होते. जगप्रसिद्ध दिग्दर्शकाला मुलांसाठी अशी हलकीफुलकी कथा लिहिताना आपण काही कमी दर्जाचे करतो आहोत असे वाटले नाही. आपल्याकडे मुलांसाठी विनोदी लिहिणाऱ्याला आजही विचारले जाते, ‘आणि गंभीर काय चालू आहे?’

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही ऐकून घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा, की वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे राज्यघटनेने १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. अंधश्रद्धेने ग्रासलेल्या समाजात ही चैन परवडणारी नाही. आम्ही उलट विचारतो : अंधश्रद्धेला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? माहितीला ती पचवून टाकते. ग्रहणाची वेळ पंचांगातही बिनचूक छापलेली असते. तिला भीती हसण्याची. जो मुलगा हिरव्या पाहुण्याच्या भाषणापुढे मान डोलावतो, तो उद्या कोणत्याही रंगाच्या पाहुण्याच्या भाषणापुढे मान डोलावेल. आपण त्याला वैज्ञानिक दृष्टी दिली नाही, फक्त नवा बुवा दिला.

दुसरा आक्षेप, विनोदाने विज्ञानातील अचूकता जाते. आमचा अनुभव नेमका उलटा आहे. रडक्या कथेत चूक खपते, कारण वाचक डोळे पुसत असतो. विनोदी कथेत नियम पक्के लागतात. तीन डोकी आणि एक हात असे एकदा ठरले की शेवटपर्यंत तसेच चालवावे लागते. मध्येच दुसरा हात फुटला तर विनोद मरतो. त्या सहावीतल्या मुलीने हे पथ्य पाळले होते. करंडक मिळालेल्या कथेत पाहुणा सूर्यावर राहत होता आणि आम्ही तिला वैज्ञानिक माहितीचे चौदा गुण दिले होते.

तिसरा आक्षेप बाजाराचा : अशी पुस्तके मराठीत कोण घेणार? दादरच्या कोणत्याही पुस्तकांच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी अर्धा तास उभे राहावे. मराठी घरातील मुले इंग्रजी विनोदी पुस्तकांच्या मांडणीपाशी जमिनीवर फतकल मारून बसलेली दिसतील आणि त्यांचे आईबाप मराठी मांडणीपाशी उभे राहून संस्कारकथा चाळत असतील. हसायला इंग्रजी आणि सुधारायला मराठी, अशी ही वाटणी आपण केली आहे. मग पंधराव्या वर्षी मूल मराठी वाचत नाही म्हणून परिसंवाद भरवतो. हिंदी चित्रपटानेही हे आपल्याआधी ओळखले. २०१४ च्या ‘पीके’मधला परग्रहवासी भोजपुरी बोलतो आणि सगळा देश त्याच्याबरोबर हसतो. त्याने प्रमाण हिंदीत भाषण केले असते तर पहिल्या आठवड्यात उतरला असता.

भाषेचा हा मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे मराठीजवळ असे काही आहे जे बंगालीजवळ नाही आणि इंग्रजीजवळही फारसे नाही. परग्रहवासी दारात उभा आहे. वाक्य लिहायचे आहे. तो आला, ती आली की ते आले? इंग्रजीत सर्वनाम टाळले की सुटका होते. बंगालीत प्रश्नच उद्भवत नाही. मराठीत क्रियापद गळा धरते. पाहुण्याचे लिंग ठरल्याशिवाय त्याला साधे घरात घेता येत नाही, जेवायला वाढता येत नाही, त्याच्याविषयी तक्रारही करता येत नाही. त्यात आदरार्थी अनेकवचन. तीन डोक्यांचे ‘ते’ आले, हे आदराने की संख्येने? एखाद्या शिक्षिकेने हा पाहुणा सहावीच्या व्याकरणाच्या तासाला आणून उभा करावा. लिंगविचार मुले जन्मात विसरणार नाहीत, आणि ‘ती’ आणि ‘तो’ यांची वाटणी जगात सर्वत्र अशीच असते का, हा प्रश्नही त्यांना आपोआप पडेल. एवढी मोठी खाण पायाखाली असताना आपला पाहुणा अजून पाठ्यपुस्तकी मराठीत ‘हे पृथ्वीवासीयांनो’ म्हणतो. त्याला मालवणीत शिवी हासडता आली पाहिजे. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेल्यांच्या बोली सार्वजनिक नळावर एकमेकींत मिसळल्या. परक्याला आपले करून घेण्याचे शास्त्र या वस्तीला कुण्या विज्ञानकथेने शिकवावे लागले नाही. इथला प्रत्येक जण कधीतरी कुठूनतरी उतरलेला परग्रहवासीच होता.

आणि ही वस्ती आता स्वतःच परग्रह होत चालली आहे. ‘बटाट्याची चाळ’ने १९५८ साली प्रौढांना हसवले ती चाळसंस्कृती गिरगावात आणि लालबागेत मनोऱ्यांना जागा देते आहे. यान आज उतरले तर त्याला रखवालदाराच्या केबिनपाशी थांबवतील, मोबाइलवर नोंद करतील आणि विचारतील, कितव्या मजल्यावर जायचे? पाहुण्याला गिरणगावात अजून उभे असलेले एखादे धुराडे दिसेल आणि तो विचारेल, धुराडे आहे तर धूर कुठे आहे? या भाबड्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर १९८२ चा संप सांगावा लागेल, आजोबांची नोकरी सांगावी लागेल, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये आपण फिरायला का जातो हे सांगावे लागेल. हे प्रश्न लालबागमधले मूल घरात विचारत नाही, कारण उत्तर देताना मोठ्यांचा चेहरा उतरतो. पाहुण्याच्या तोंडून ते विचारता येतात. विनोदी परग्रहकथा ही पळवाट नाही. मुलांना न विचारता येणारे प्रश्न विचारण्याची ती एक रीतसर परवानगी आहे.

अपवाद असतील, आहेत. दिवाळी अंकांतून, ‘किशोर’च्या जुन्या अंकांतून एखादी खुसखुशीत कथा निघेलही. पण सुट्या अपवादांनी परंपरा होत नाही. परंपरा होते ती कुणीतरी त्या कथा जमवल्या, वर्गात वाचल्या, त्यांच्यावर लिहिले आणि स्पर्धांत त्यांना गुण दिले तर. हे काम लेखकांचे नाही, आमचे आणि तुमचे आहे. विज्ञानकथेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही सुचवतो, की ‘विज्ञानकथेतील मानवी मूल्ये’ हा विषय आणखी पंचवीस वर्षे कुणी घेऊ नये. त्याऐवजी भागवतांच्या शीर्षकांवर लिहा. एटू लोकांवर लिहा. राक्षस कोणत्या वर्षी आणि कोणत्या नाटकात पहिल्यांदा हसण्याजोगा झाला, हे शोधा. आणि परीक्षक म्हणून कुणी बोलावले तर छापील गुणपत्रिका आधी मागवून घ्या.

आम्ही ती त्या दिवशी मागवली नाही. स्पर्धेचा निकाल लागला, करंडक दिला गेला, उरलेल्या वह्या संस्थेने शाळांकडे परत पाठवल्या. त्या मुलीने पुढे काही लिहिले की नाही हे कळायला मार्ग नाही. तिच्या वहीवर लाल शाईने लिहिलेला शेरा मात्र आम्हांला अक्षरशः आठवतो, कारण तो आम्हीच लिहिला होता : ‘कल्पना चांगली. बोध काय?’